‘ती बाई उद्यापासून नको’: नौपाड्यातून घोडबंदर रोडला आलेल्या एका आजींचं प्रकरण

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या वृद्धांच्या कुटुंबांना मी मार्गदर्शन करते. त्यातल्याच एका कुटुंबाची संमती घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी ७९ वर्षांच्या. लग्न होऊन ठाण्यातल्या नौपाड्यात आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काढलं. यजमान वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. इमारत पुनर्विकासाला गेली आणि मे महिन्यात कुटुंब घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलं. घरात मुलगा, सून आणि कॉलेजला जाणारा नातू. मुलगी पुण्याला. मुलाची नोकरी फिरतीची, सून ऐरोलीला कामाला जाते. अल्झायमरचं निदान घर बदलायच्या आधीच झालं होतं आणि डोनेपेझिलची गोळी सुरू होती. नौपाड्यात असेपर्यंत त्यांचं बरं चाललं होतं. देवपूजा, भाजी निवडणं, खाली वाण्याकडे जाऊन येणं हे त्या एकट्या करत. वाणी, इस्त्रीवाला, शेजारच्या वहिनी असे सगळे ओळखीचे, त्यामुळे चुकल्या तरी कोणीतरी हाताला धरून वर आणून सोडायचं. घर सुटलं तेव्हा हा सगळा आधार एका दिवसात गेला.

सुनेचा फोन आला तो गणपती झाल्यावर. तिचं म्हणणं एवढंच होतं की घरात बाई टिकत नाही. पावसाळ्यात दोन मदतनीस येऊन गेल्या होत्या. पहिली ब्यूरोतून आलेली, निळा युनिफॉर्म घातलेली. मुलाने आजींना सांगितलं, "आई, ही आता तुझी काळजी घेईल." दुपारी ती कचरा ठेवायला बाहेर गेली आणि आजींनी आतून कडी लावून घेतली. संध्याकाळी सून येईपर्यंत ती बाई लिफ्टजवळ बसून होती. दुसरी वयाने मोठी, मायाळू, दोन आठवडे राहिली. मग आजींच्या पाटल्या सापडेनात. आजींनी तिचं नाव घेतलं, मुलाने तिची पिशवी तपासली, ती रडत निघून गेली. पुढे पाटल्या तांदळाच्या डब्यात निघाल्या. आता सून बिनपगारी रजेवर होती आणि आजी रोज रात्री म्हणत होत्या, "ती बाई उद्यापासून नको हं." बाई जाऊन महिना झाला होता, तरीही.

कुटुंबाचा निष्कर्ष ठरलेला होता: आई पहिल्यापासूनच हट्टी. पुण्याच्या मुलीचा निष्कर्ष आणखी वेगळा. फोनवर आई तिच्याशी अगदी व्यवस्थित बोलते, नातवाची चौकशी करते, "जेवलीस का" विचारते, तेव्हा वहिनी जरा वाढवून सांगत असणार असं तिला वाटे. डिमेन्शियाच्या घरांत असा गैरसमज नेहमी दिसतो. बोलण्याच्या रीतीभाती फार उशिरापर्यंत शाबूत राहतात. दहा मिनिटांच्या फोनमध्ये माणूस सगळं सांभाळून नेतो आणि दिवसभर सोबत राहणाऱ्याच्या वाट्याला उरलेले सगळे तास येतात. सुनेवर अन्याय होत होता तो इथे.

"हट्टी" हा शब्द मी अशा घरात पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगते. अल्झायमरमध्ये स्वतःला काही झालंय याची जाणीवच बऱ्याच जणांना राहत नाही. वैद्यकात याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. माणूस आजार लपवत नसतो. ज्या मेंदूने आजार ओळखायचा त्याच मेंदूला तो झालेला असतो. आजींच्या लेखी त्या धडधाकट होत्या, आणि एक अनोळखी बाई त्यांना अंघोळ घालायला आली होती. अशा वेळी कोणीही कडी लावेल. पण एवढं समजून पुढचा मार्ग सापडत नाही. नकार सरसकट असतो असं वाटतं, पण तसा तो क्वचितच असतो. तो कुठल्यातरी नेमक्या गोष्टीला असतो आणि ती गोष्ट घरात बसून, बघून शोधावी लागते.

मी गेले तेव्हा आजींनी दार उघडताच माझं छान स्वागत केलं. "बसा, चहा टाकते." मी मुद्दाम त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर काचेची शेगडी, पाइपचा गॅस, लायटर नाही. आजी शेगडीपुढे उभ्या राहिल्या, पदराला हात पुसला, फडताळात काडेपेटी शोधावी तसा हात फिरवला. तिथे फडताळ नव्हतंच, सगळे ड्रॉवर. मग मागे वळून हळू आवाजात मला म्हणाल्या, "यांच्या घरात काही सापडत नाही बाई. दुसऱ्याच्या घरी किती दिवस राहायचं?"

हे वाक्य माझ्यासाठी फार मोलाचं ठरलं. आजी स्वतःला या घरात पाहुणी समजत होत्या. पाहुणीसाठी कामाला बाई ठेवतात का? आणि ठेवलीच तर तिने लोकांच्या घरात आपलं अंग, आपले कपडे, आपला डबा का हाताळावा? त्यांच्या बाजूने बघितलं तर पहिला नकार पूर्ण तर्काला धरून होता. पाटल्या तांदळात ठेवणंही तसंच. परक्या घरात सोनं उघड्यावर ठेवायचं नाही, हे त्यांच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही.

दुसरा नकार अंघोळीचा होता, तो मदतनिशीच्या आधीपासूनचा. न्हाणीघरात शॉवर होता आणि एकाच दांड्याचा नळ, जो डावीकडे फिरवला की गरम, उजवीकडे फिरवला की गार. आजींनी जन्मभर बादली-तांब्याने अंघोळ केलेली. डोक्यावरून अचानक पाणी आलं की त्या घाबरत आणि बाहेर येत. फरशी, भांडं, भिंत सगळं पांढरं, त्यामुळे कमोड कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हेही त्यांना नीट उमजत नव्हतं.

तिसरी गोष्ट सापडायला वेळ लागला आणि ती आधी सुनेला सापडली. मी तिला सांगितलं होतं की आजी कुठल्या वेळी, कुठल्या खोलीत असताना चिडतात तेवढं वहीत लिहून ठेवा. वहीत दिसलं की आजी सर्वांत जास्त चिडायच्या ते वॉशिंग मशीनपाशी कोणी गेलं की. मशीनमागे तीन ओले परकर आणि एक चादरीची घडी कोंबलेली निघाली. रात्री त्यांना संडास सापडत नव्हता. पॅसेजमध्ये एकसारखी चार दारं, सगळी बंद, अंधार. नौपाड्यात संडास मागच्या दाराशी होता. झोपेतही पाय तिकडे वळत. इथे पोचेपर्यंत उशीर व्हायचा. मग त्या ओले कपडे लपवत. आणि ज्या बाईचं कामच कपडे धुणं, ती एक ना एक दिवस ते बघणार. ‘मदत नको’ यातला मोठा भाग हा होता. आपली लाज परक्या बाईच्या हाती जाऊ नये म्हणून त्या जिवाच्या आकांताने झटत होत्या. सुनेने ते परकर मला दाखवले तेव्हा तिचेही डोळे भरून आले. "मला एकदा सांगितलं असतं तर," ती म्हणाली. त्यांना ते सांगता येण्यासारखं उरलं नव्हतं.

इथे डॉक्टरांचा भाग येतो. कपडे ओले होतात म्हणून जुलैमध्ये जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं होतं. वारंवार लघवीवर गोळी मिळाली. डोनेपेझिलची चिठ्ठी तिथे कोणी दाखवली नव्हती. अशा बऱ्याच गोळ्या स्मृतीला लागणाऱ्या मेंदूतल्या एका रसायनाचं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतात, आणि डोनेपेझिल नेमकं तेच अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरायचा प्रयत्न करतं. म्हणजे एक गोळी पुढे ओढते, दुसरी मागे. शिवाय लघवीवरचा ताबा सुटणं हा डोनेपेझिलचाही एक ज्ञात दुष्परिणाम आहे. गोळी सुरू झाल्यापासून आजींचं तोंड कोरडं पडत होतं, बद्धकोष्ठ होतं आणि गोंधळ वाढला होता. कुटुंबाने तो आजाराचा पुढचा टप्पा समजला. मेंदूविकारतज्ज्ञांनी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघितल्या, ती गोळी थांबवली, लघवीत जंतुसंसर्ग नाही ना हे तपासून घेतलं, बी-१२ आणि थायरॉइडही पुन्हा बघितलं. दोन-तीन आठवड्यांत आजी बऱ्याच शांत झाल्या. घरातल्या वृद्धाची अवस्था थोड्या दिवसांत झपाट्याने बिघडली तर आधी औषधं आणि संसर्ग बघा, असं मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. डिमेन्शिया सहसा एका आठवड्यात उडी मारत नाही.

मुलाने त्याच भेटीत "शांत राहण्याची" गोळी मागितली होती. तो वाईट माणूस नाही, तो थकलेला होता. डॉक्टरांनी लगेच दिली नाही, ते योग्यच केलं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मानसविकारावरच्या अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच छापायला लावला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात. पण ज्या बाईला संडास सापडत नाही म्हणून ती चिडते, तिला गुंगीत ठेवणं हा उपाय नाही.

एक गोष्ट ठाण्यापुरतीच सांगायला हवी. तपासणीचं नाव काढलं की आजी पहिल्यापासून बिथरत. त्यांच्या पिढीने ‘ठाण्याला टाकणे’ हे शब्द लहानपणापासून ऐकलेले. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. बाहेरगावच्यांना ती फक्त म्हण असेल, ठाण्यातल्या माणसाला त्या भिंती माहीत असतात. "मला वेडी ठरवून तिकडे ठेवणार" ही भीती खरी होती. म्हणून पुढे सगळ्या तपासण्या "बीपीच्या डॉक्टरांकडे जाऊ" म्हणून झाल्या. त्यांना बीपी होतंच आणि डॉक्टर तेही तपासत.

काय सांगायचं, हा कुटुंबातला सर्वांत मोठा वाद होता. मुलाची सूचना अशी की नवी बाई आणू आणि सांगू की ही गावाकडची लांबची भाची. मी याला ठाम नकार दिला. खोटं कधीच बोलायचं नाही असं माझं मत नाही. यजमान कुठे आहेत असं आजी विचारतात, तेव्हा दर वेळी ते गेल्याची बातमी नव्याने देणं मला क्रूरपणा वाटतो. पण मदतनिशीचं नातंच खोटं असेल तर त्या बाईला रोज नाटक करावं लागतं. आजींना आपल्या भाच्या ठाऊक असतात, जुनी नाती तर फार काळ आठवतात. संशय आला की कारण विसरलं तरी संशयाची भावना राहते. प्रसंग पुसला जातो, पण त्याची चव पुसली जात नाही. तेव्हा असं कारण शोधायचं जे खरं आहे. आणि ते समोरच होतं: मदतीची गरज सुनेला होती. तिची झोप उडाली होती, नोकरी जायच्या बेताला आली होती. म्हणून आजींना सांगितलं ते असं: "आई, मला घरकाम आवरत नाही, मी हाताखाली एक बाई ठेवते आहे. तुम्ही जरा लक्ष ठेवाल ना तिच्यावर?" यात एकही शब्द खोटा नाही. आजी लगेच म्हणाल्या, "ठेव की. तुझी दमणूक मला दिसत नाही का?"

दरम्यान घरात बदल झाले. न्हाणीघरात जुनी बादली, तांब्या आणि बसायला रुंद पायांचं स्टूल आलं, शॉवरचा नळ बंद केला. संडासाचं दार रात्री सताड उघडं आणि आत दिवा चालू. बाकीच्या दारांवर पडदे सोडले. कमोडला गडद रंगाची बैठक बसवली. काडेपेटी शोधायची त्या जागी आजींचा जुना मिसळणाचा डबा ठेवला. शेगडीचा मुख्य कॉक ओट्याखालून बंद. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं आणि हातात बेन्टेक्सच्या पाटल्या आल्या. हे मला मनापासून आवडलं नाही. पण पाटल्यांशिवाय त्यांचा जीव कासावीस होई, आणि पुढच्या बाईवर पुन्हा आळ येणं मला त्याहून नको होतं.

त्या दुसऱ्या बाईबद्दल कुटुंबाशी मी स्वतंत्र बोलले. डिमेन्शियात चोरीचा संशय हे इतकं नेहमीचं लक्षण आहे की ते धरूनच चालायला हवं. पण ज्या बाईचं पोट घरोघरच्या विश्वासावर चालतं, तिची पिशवी तपासली गेली ही गोष्ट ब्यूरोत, वस्तीत पसरते. मुलाने तिला फोन करून पाटल्या सापडल्याचं सांगितलं, ब्यूरोलाही तसं लेखी कळवलं, आणि अडकलेला पगार दिला. ती परत आली नाही. नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की आळ येईल, घरातले त्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आधी तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा आणि देव्हाऱ्याचा खण बघितला जाईल.

नवी बाई कळव्याहून येते. युनिफॉर्म नाही, साधा पंजाबी ड्रेस. ती आजींना काकू म्हणते. पहिले काही दिवस सून घरी असताना फक्त सकाळी यायची, स्वयंपाकघरातच असायची, आजींना हातही लावायची नाही. भाजी मात्र आजींसमोर बसून निवडायची. आजी "देठ जास्त काढतेस" म्हणत, ती "असं का काकू?" म्हणे. कपडे कधी धुवायचे याचा नियम ठरला: मशीनमागचं काही निघालं तर बोलायचं नाही, विचारायचं नाही, आजी देवासमोर बसल्या असताना धुऊन टाकायचं.

अंघोळीची कोंडी दिवाळीने फोडली, आणि ही कल्पना सुनेची. नरक चतुर्दशीला घरातल्या सगळ्यांनाच कोणीतरी तेल लावतं, उटणं लावतं. त्या पहाटे दुसऱ्याकडून न्हाऊन घेण्यात लाज नसते, उलट मानच असतो. आधीचे आठ-दहा दिवस बाईने फक्त तळपायांना तेल चोळलं होतं, तेही आजींनी पाय दुखतात म्हटल्यावर. त्या पहाटे सुनेने पाटाभोवती रांगोळी काढली, आजींच्या पाठीला तेल बाईने लावलं, उटणं सुनेने. छातीपर्यंत परकर बांधून, खांद्यावर पंचा टाकून, आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर असं कोमट पाणी. डोक्यावर शेवटी, तेही आजींनी स्वतः तांब्याने. बाहेर नातवाने कारीट ठेवलं होतं, ते आजींनी डाव्या अंगठ्याने फोडलं. तेव्हापासून अंघोळ एक दिवसाआड होते, त्याच क्रमाने. रोज व्हायलाच हवी असा आग्रह मी सोडायला लावला.

भाऊबीजेला मुलगी आली. मी सुनेला सांगितलं होतं की दोन दिवस तुम्ही माहेरी जा. मुलगी आईसोबत दोन रात्री एकटी राहिली. नंतर तिने वहिनीला काय म्हटलं ते मला ठाऊक नाही, पण तेव्हापासून मदतनिशीच्या पगाराचा अर्धा वाटा पुण्याहून येतो आणि दर महिन्याला ती चार दिवस येऊन राहते.

आणखी एक धागा होता. आजी नौपाड्यात संक्रांतीला हलव्याचे दागिने करून विकत. पौषात घरभर ऑर्डरी असायच्या. मार्गशीर्ष संपताना नात्यातल्या एका बाळाचं बोरन्हाण ठरलं. सुनेने जांभळी नाक्यावरून काटेरी हलवा, जरीचा दोरा आणि पुठ्ठा आणला आणि टेबलावर ठेवून दिला, आजींना काही सांगितलं नाही. दुपारी आजींनी दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळलं, पीळ दिला आणि एकेक दाणा त्या पिळात बसवू लागल्या. दाणा घट्ट बसला की अंगठ्याच्या नखाने किंचित दाबायचा, काटा न मोडता. सकाळी काय जेवल्या हे त्यांना आठवत नव्हतं, हे बोटांना आठवत होतं. हातांनी शिकलेली कौशल्यं मेंदूत वेगळ्या वाटांनी साठतात आणि अल्झायमरमध्ये बरीच उशिरा जातात. बाई शेजारी बसून शिकली. मुकुट अर्धाच झाला, बासरी झाली नाही, वाकी मात्र दोन्ही झाल्या. त्या काळात आजी तिला दारातून विचारत, "आलीस का? कालचं अपुरं राहिलंय." तिच्या नावाची आठवण त्यांना नव्हती. काम आठवत होतं, आणि ती त्या कामातली बाई होती.

संध्याकाळ मात्र अजूनही कठीण जाते. पाचनंतर आजी पिशवी भरतात: एक साडी, तांब्या, देवीचा फोटो. "घरी जाऊ या." आधी सगळे "हेच घर आहे" म्हणून समजावत आणि भांडण पेटे. आता बाई म्हणते, "चला काकू, मी सोडते." दोघी लिफ्टने खाली उतरतात, सोसायटीच्या बागेला फेरी मारतात. वॉचमनला सगळं सांगून ठेवलंय, तो नमस्कार करतो. बहुतेक वेळा वर येईपर्यंत विषय विरलेला असतो. रोज नाही. पावसात तर खाली जाताच येत नाही, तेव्हा सून घरातले दिवे उन्हं उतरण्याआधीच लावते.

रात्रीची सोय अजून झालेली नाही. रात्री सूनच उठते. रात्रपाळीला दुसरी बाई आणली तर आजी दोन अनोळखी चेहरे सांभाळू शकणार नाहीत असं मला वाटतं. मुलाने फिरतीचे दिवस कमी करून आठवड्यातल्या तीन रात्री स्वतः घ्याव्यात, असं मी सुचवलं आहे. तो दोनवर आला आहे.

पुनर्विकासात मिळणाऱ्या जागेचा करार आजींच्या सहीने निदानाआधीच नोंदला गेला, ते नशीब. त्या वेळी मुलाच्या नावे मुखत्यारपत्रही केलं होतं, आणि त्याच्या जोरावर पुढे सगळं चालेल असं घरात गृहीत होतं. मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की साधारणपणे आपल्या कायद्यात ते टिकत नाही. पुढच्या व्यवहारांसाठी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागेल. वकिलांना आत्ताच भेटा, ताबा मिळायच्या आठवड्यात नको, एवढं सांगून ठेवलं आहे.

आणि ताबा मिळाल्यावर आजींना नौपाड्यात न्यायचं की नाही, यावर भावा-बहिणीचं एकमत नाही. मुलगी म्हणते, तेच तर त्या रोज मागतायत. पण त्या मागतात ते दुसऱ्या मजल्यावरचं जुनं घर, मागच्या दाराशी संडास आणि खाली वाणी. तिथे आता दुसराच टॉवर उभा राहतो आहे. न्यायचं झालं तर आधी सामान जाईल, देव्हारा आणि न्हाणीघर आजींच्या सवयीप्रमाणे लागेल, कळव्याची बाई तिथे काही दिवस आधीपासून जाईल, आणि मगच आजी. सुनेने तिला विचारलं, कळव्याहून नौपाडा जमेल का. ती म्हणाली, घोडबंदरपेक्षा जवळच पडेल.